प्रजासत्ताकातली प्रजा

मागच्या हिवाळ्यात ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणासाठीच्या एका पुस्तिकेचा मी मराठी अनुवाद केला. बत्तीस पानांचं काम, त्यातली निम्मी पानं तक्ते आणि अर्जाचे नमुने. मुद्रितं तपासून परत आली तेव्हा संपादकबाईंनी समासात हिरव्या शाईने शेरा मारला होता : 'पान ३ वर गणराज्य, पान ७ वर प्रजासत्ताक. मूळ इंग्रजीत शब्द एकच आहे. कृपया एकच ठेवावा.'

शेरा रास्त होता, पण पाळता येईना. पान ३ वर संविधानाची उद्देशिका होती. 'आम्ही, भारताचे लोक, भारताचे एक सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य घडविण्याचा...' तिच्यातल्या अक्षरालाही हात लावायची सोय नाही. पान ७ वर ग्रामसभांच्या तारखा होत्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पहिलीच्या पुढे कंसात प्रजासत्ताक दिन. तिथे 'गणराज्य दिन' छापलं असतं तर ग्रामसेवकाने विचारलं असतं, ही सुट्टी कधीपासून सुरू झाली?

म्हणजे मराठी माणूस राहतो गणराज्यात आणि झेंडावंदन करतो प्रजासत्ताकाला. इतक्या वर्षांत यात कुणाला फारसं काही खटकलेलं दिसत नाही. मलाही तो शेरा वाचेपर्यंत खटकलं नव्हतं.

शेजारपाजारी डोकावलं तर सगळीकडे थोडाफार असाच प्रकार आहे. हिंदीत उद्देशिकेत गणराज्य, पण दिवस गणतंत्राचा. गुजराती आपल्यासारखंच प्रजासत्ताक दिन म्हणते. कन्नड गणराज्योत्सव म्हणते, त्यामुळे बेळगावात एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांच्या फळ्यांवर त्याच सकाळी दोन वेगळे शब्द रंगीत खडूने लिहिलेले असतात. ओडियात साधारणतंत्र, बंगालीत प्रजातंत्रही आणि साधारणतंत्रही, तमिळमध्ये कुडियरसु, उर्दूत यौम-ए-जम्हूरिया. परका पाहुणा दारात आला आणि प्रत्येक घराने माळ्यावर जे भांडं सापडलं त्यात त्याला पाणी दिलं, असं काहीसं झालं आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीवरून भांडायला मला एरवी आवडत नाही. कुशल म्हणजे मुळात हात न कापता कुश उपटून आणणारा, आणि प्रवीण म्हणजे वीणा वाजवण्यात तरबेज. आज कुशल गवंडी म्हणताना कुणाला दर्भ आठवत नाही. मूळ मेलं, शब्द जगला. तेव्हा प्रजासत्ताकात 'प्रजा' आहे म्हणून नाक मुरडणाऱ्याला मी एवढंच म्हटलं असतं की बाबा, लोकशाहीकडेही बघ. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही यांच्याच रांगेत आपण लोकशाही बसवली आहे. तिच्या शेपटीला शहा लोंबतोय. एका शब्दात राजा, दुसऱ्या शब्दात त्याची प्रजा, आणि दोन्ही मिळून आपलं राज्य चाललं आहे.

पण कुशलमधला कुश मेला तशी प्रजा मेलेली नाही, इथे घोडं अडतं. 'यथा राजा तथा प्रजा' आपण आजही हसत हसत म्हणतो, आणि त्यातला अर्थ जुनाच असतो. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात प्रजेचे दोन अर्थ आहेत : संतती, आणि राजाच्या अमलाखालचे लोक. पहिला अर्थ प्रजननात आणि प्रजोत्पादनात जिवंत आहे, दुसरा म्हणीत. हे दोन अर्थ शेजारी बसले आहेत तेही उगाच नाही. रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात कालिदास दिलीप राजाबद्दल सांगतो की प्रजेला शिस्त लावणं, तिचं रक्षण करणं, तिला पोसणं हे सगळं तो करत असल्यामुळे खरा बाप तोच. जन्म देणारे बाप नुसते जन्माला कारण. 'स पिता पितरस्तासां केवलं जन्महेतवः'. राजा बाप आणि प्रजा लेकरं. हेच नातं मराठीत उतरलं की त्याचं 'मायबाप सरकार' होतं.

पुस्तिकेतले अर्जाचे नमुने करताना हे अंगावर आलं. मूळ मजकूर सरळ होता : मला अमुक दाखला हवा आहे, कायद्याप्रमाणे अमुक दिवसांत मिळावा. माझ्या हातून मात्र आपोआप उतरत गेलं, 'मे. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी, अर्जदार सविनय अर्ज करतो की... तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन... हीच नम्र विनंती.' महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं आहे, नाही दिला तर अपील आहे, दंड आहे. तरीही अर्ज लिहायला बसलं की पेन आपसूक गुडघ्यावर येतं. वडील तलाठी कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून असेच अर्ज लिहून आणायचे. ती भाषा माझ्या कानात त्यांच्या आवाजात आहे. प्रजा हा शब्द अजून कामावर आहे म्हणतो, तो या अर्थाने.

बांगलादेशात हाच प्रश्न थेट राज्यघटनेच्या दारात आला. त्या देशाचं बंगाली नाव 'गणप्रजातंत्री बांगलादेश'. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या संविधान सुधारणा आयोगाने शिफारस केली की प्रजातंत्र काढून 'नागरिकतंत्र' म्हणावं आणि देशाचं नाव 'जनगणतंत्री बांगलादेश' करावं. गंमत अशी की इंग्रजी नाव होतं तसंच ठेवायचं होतं. म्हणजे जगासाठी काहीच बदलणार नव्हतं, दुखणं फक्त बंगाली कानाचं होतं.

हे दुखणं मराठी कानापेक्षा खोल आहे, आणि त्याला जमिनीचं कारण आहे. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने, म्हणजे सारा कायमचा ठरवून देणाऱ्या व्यवस्थेने, जमीनदार बसला आणि त्याचं कूळ म्हणजे प्रजा. तिथे प्रजा हा नुसता काव्यातला शब्द नव्हता, खंड भरणाऱ्या माणसाचं ते नाव होतं. फजलुल हक यांचा कृषक प्रजा पक्ष १९३७ ची निवडणूक लढला तो या प्रजेच्या नावाने. पूर्व बंगालमध्ये १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, पण ज्याच्या आजोबाने जमीनदाराच्या ओसरीखाली उभं राहून खंड मोजला, त्याला देशाच्या नावात प्रजा ऐकू आली तर टोचणारच. आपल्याकडे इंग्रजांनी रयतवारी लावली, म्हणजे सारा थेट कसणाऱ्याकडून घ्यायचा. कसणाऱ्याचं नाव रयत, आणि त्या शब्दाला आपण पुढे चांगलं घर दिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेल्या संस्थेच्या नावात रयत आहे, आणि त्या नावाची कुणाला लाज वाटली नाही.

प्रजेचंही आपल्याकडे एक वेगळं खातं आहे, आणि शब्द बदलायला निघालेल्यांनी ते विसरू नये. संस्थानी मुलखात राजाविरुद्ध, किंवा निदान राजाच्या कारभाराविरुद्ध जे उभे राहिले ते प्रजा या नावानेच. अखिल भारतीय देशी राज्य प्रजा परिषद १९२७ ची. माधवराव बागलांनी कोल्हापुरात १९३९ मध्ये काढली तीही प्रजा परिषद. त्या माणसांनी 'आम्ही प्रजा' म्हटलं ते खाली मान घालून नव्हे. राजाला त्याच्याच शब्दात पकडायला. तू बाप म्हणवतोस ना, मग हिशोब दे. पुढे समाजवाद्यांनीही पक्षाच्या नावात प्रजा ठेवली. तेव्हा प्रजासत्ताक हा शब्द कुणा झोपाळू भाषांतरकाराने केला आणि आपण मुकाट्याने घेतला, असं मला म्हणवत नाही. कालची प्रजा आज सत्ताधारी, एवढी उलथापालथ त्या एका जोडशब्दात कोंबलेली आहे. कानाला तो शब्द मला आवडतोही.

मग गणराज्य का नको, असं विचारणारे आहेत. त्यात राजा-प्रजा नाही, आणि शिवाय तो आपल्या मातीतला जुना आहे असा त्यांचा युक्तिवाद. इतिहासकार के. पी. जयस्वालांनी १९२४ मध्ये 'हिंदू पॉलिटी' लिहिलं तेव्हापासून प्राचीन गण म्हणजे रिपब्लिक हे समीकरण शिकल्यासवरलेल्यांत रूढ झालं. त्या काळात त्याची गरजही होती. तुम्हाला स्वतःचं राज्य चालवायची सवयच नाही असं इंग्रज तोंडावर म्हणत होता.

मराठी कानाला गण म्हटलं की आधी वेगळंच ऐकू येतं, ते सोडून देऊ. तमाशात गण-गवळण आहे, पत्रिकेत राक्षसगण आहे, आणि निवडणुकीच्या हंगामात 'आमचा गण या वेळी महिलेला सुटला' हे पंचायत समितीचं वाक्य आहे. हा शेवटचा गण खरं तर जुन्या गणापेक्षा जास्त गणराज्याचा आहे, कारण तो सोडतीत कुणालाही सुटू शकतो. प्राचीन गणराज्य म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या वैशालीच्या लिच्छवींचं तसं नव्हतं. जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, त्यांच्या राजांची संख्या ७,७०७ सांगितली आहे. एक राजा नाही, सात हजार राजे. पण सगळे कुळाने राजे. शेत कसणारे आणि घरकाम करणारे दास-कर्मकर त्या सभेत बसत नव्हते. वैशालीत एक पुष्करिणी होती, तिच्या पाण्याने या राजकुळांचा अभिषेक व्हायचा. भद्दसाल जातकात वर्णन आहे : तळ्याला आतून-बाहेरून पहारा, वरून लोखंडी जाळी, पक्ष्यालाही आत शिरायला जागा नाही. त्या तळ्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात प्राचीन गणराज्यांचा उल्लेख केला होता, हे खरं. पण तिथे त्यांचा भर कशावर आहे ते पाहावं. भिक्षुसंघात बसण्याचे नियम होते, ठराव मांडण्याचे, गणसंख्येचे, मतं मोजण्याचे नियम होते, हे ते तपशिलाने सांगतात. संघात शिरायला कूळ लागत नव्हतं. लिच्छवींचा गण आणि भिक्षूंचा संघ या दोन वस्तू आपण 'गणराज्य' म्हणताना एकाच पोत्यात भरतो.

बाहेरच्या भाषांनी काय केलं हे बघायला गेलो तर वाटलं, आपण फार वाईट केलेलं नाही. चिनीत 'गोंगहे' हा शब्द आहे. इसवीसनापूर्वी ८४१ मध्ये जुलमी राजाला लोकांनी पळवून लावलं आणि राजाविना कारभार चालला, त्या काळाचं ते नाव. त्यावरून आजच्या चीनच्या नावात 'गोंगहेगुओ' आलं. तैवानच्या नावात मात्र १९१२ चा 'मिन्गुओ' आहे, म्हणजे लोकांचा देश. इंग्रजीत दोन्ही रिपब्लिक. दोन्ही कोरियांतही असाच फरक आहे. अरबीत 'जम्हूर' म्हणजे लोकसमुदाय, त्यावरून जम्हूरिया. लिबियाच्या गद्दाफीने १९७७ मध्ये त्याचं अनेकवचन करून 'जमाहिरिया' हा नवाच शब्द पाडला आणि पुढे चौतीस वर्षं एकट्याने राज्य केलं. अनेकवचनाने माणसं वाढत नाहीत.

आयर्लंडची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. तिथल्या बंडखोरांकडे आयरिश भाषेत दोन शब्द होते. १९१६ च्या जाहीरनाम्याच्या माथ्यावर 'पोब्लख्त', म्हणजे लोकांवरून बनवलेला शब्द. १९१९ मध्ये त्यांनीच 'सेरस्टाट' वापरला, शब्दशः स्वतंत्र राज्य. १९२१ च्या वाटाघाटींत ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी आयरिश नेते डी व्हॅलेरांना या दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारला आणि म्हटलं, मग तुमचं आयरिश नाव बदलायची काही गरजच नाही, असं सांगतात. रिपब्लिक न देता आयर्लंडला 'फ्री स्टेट' मिळालं. पुढच्याच वर्षी त्या तहावरून आयरिश माणसांनी आयरिश माणसांना गोळ्या घातल्या. भांडण इंग्लंडच्या राजाशी निष्ठेच्या शपथेचं होतं, नुसत्या शब्दाचं नव्हतं. पण राजाला तिथे उभं राहायला फट त्या शब्दाने दिली होती. १८ एप्रिल १९४९ ला आयर्लंड रिपब्लिक म्हणून राष्ट्रकुलाबाहेर पडला, आणि दहा दिवसांनी लंडनच्या जाहीरनाम्याने भारताला रिपब्लिक होऊनही राष्ट्रकुलात राहायची मुभा दिली. तेव्हा शब्दात काय आहे असं म्हणणाऱ्यांनी कधीतरी डब्लिनच्या कुणाशी बोलून पाहावं.

एवढे शब्द समोर ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. प्रजासत्ताक, प्रजातंत्र, कुडियरसु, जम्हूरिया, मिन्गुओ हे सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देतात : सत्ता कुणाची? तो प्रश्न लोकशाहीचा आहे. म्हणून शाळेतल्या भाषणात 'प्रजासत्ताक म्हणजे लोकांनी लोकांचं चालवलेलं राज्य' असं सांगून मुलं मोकळी होतात आणि दोन शब्दांतला फरक कधी कळत नाही. लॅटिनमधला मूळ शब्द मात्र सत्तेबद्दल बोलतच नाही. 'रेस पुब्लिका', म्हणजे सार्वजनिक वस्तू, सगळ्यांच्या मालकीची बाब. तिथला प्रश्न आहे, हे कुणाचं? पोलिश लोकांनी तो जसाच्या तसा उचलला. त्यांच्या देशाच्या नावातल्या शब्दाचा अर्थ 'सामाईक वस्तू' असाच होतो. आणि हे नाव त्यांनी राजा असतानाही लावलं होतं. राजा निवडून आणायचा, पण राज्य त्याच्या घराचं नाही, असा हिशोब. (दुसऱ्या महायुद्धातले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. छत्रपतींच्या संस्थानात, बागलांच्या प्रजा परिषदेपासून हाकेच्या अंतरावर, या सामाईक वस्तूचे मालक आश्रयाला होते.)

माझं म्हणणं असं की मराठीला हा प्रश्न परका नव्हता. फक्त त्याचा शब्द राज्यघटनेच्या नावात आला नाही, दुसरीकडे राहून गेला. तो शब्द म्हणजे 'सार्वजनिक'.

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० ची. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, त्यातून ती उभी राहिली. देवस्थानचा पैसा पंचांच्या घरचा नाही, इथून सुरुवात. सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीला पंचाण्णव सभासद होते, सहा हजार लोकांच्या वतीने. गणेश वासुदेव जोशी यांनी त्यासाठी इतकी धावपळ केली की लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणू लागले. जोतीराव फुल्यांचं शेवटचं पुस्तक १८९१ मध्ये त्यांच्या पश्चात निघालं, त्याच्या नावात 'सार्वजनिक सत्यधर्म' आहे. फुल्यांना पुण्याच्या सभेचं सार्वजनिकपण कमी पडत होतं, आणि ते त्यांनी लपवून ठेवलं नव्हतं. सगळ्यांचं म्हणता तर त्यात शूद्र-अतिशूद्र कुठे आहेत, हा त्यांचा सवाल. एकाच शब्दावर दोन्ही बाजू हक्क सांगत होत्या, म्हणजे शब्द जिवंत होता.

आणि मग महाड. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं झालं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतच्या माणसांनी तळ्याचं पाणी प्यायलं तेव्हा जे उसळलं त्यातून खटला उभा राहिला. फिर्यादींचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाहीच, ते चौधरी मंडळींचं आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची अनादी वहिवाट आहे. दहा वर्षं तो वाद चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळं नगरपालिकेचं, आणि तशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. वैशालीच्या जाळीखालचं तळं आणि महाडचं चवदार तळं शेजारी ठेवून पाहिलं तर रिपब्लिक म्हणजे काय हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा स्वच्छ दिसतं. मतदान कुणी कुणाला केलं, सत्ता कुणाची, हा पुढचा भाग. आधी, तळं कुणाचं?

राजा गेला की हा प्रश्न आपोआप सुटतो असंही नाही. गोमंतकाला हे चांगलं माहीत आहे. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, आणि पोर्तुगीज रिपब्लिकने गोव्यातल्या हिंदूंवरची बंधनं काढली, नोकऱ्यांची दारं उघडली. गोव्याच्या हिंदूंनी रिपब्लिकचं मनापासून स्वागत केलं. वीसच वर्षांत तिथल्या हुकूमशहा सालाझारच्या वसाहत कायद्याने त्याच रिपब्लिकच्या नावाखाली गोव्याची पायरी पुन्हा खाली नेली. लिस्बनमध्ये राजा नव्हता. पणजीत प्रजा मात्र होती, १९६१ पर्यंत.

मराठीत एका समूहाने या शब्दाचं भाषांतरच केलं नाही. बाबासाहेबांचा १९३६ चा पक्ष मराठीत स्वतंत्र मजूर पक्ष झाला होता. पण त्यांच्या निधनानंतर ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात जो पक्ष स्थापन झाला तो पहिल्या दिवसापासून रिपब्लिकनच राहिला. प्रजासत्ताक पक्ष असं त्याला कुणी म्हटलं नाही. पुढे गवई गट, आठवले गट, कवाडे गट असे त्याचे तुकडे झाले, रिपब्लिकन ऐक्य हा दर निवडणुकीचा विषय झाला, हे सगळं मान्य. तरी मराठी वस्तीत 'रिपब्लिकन' म्हटलं की निळा झेंडा डोळ्यांसमोर येतो, आणि जिला प्रजेतही धड कुणी मोजलं नाही त्या जनतेने स्वतःला प्रजा म्हणवून घ्यायचं टाळलं, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

दिल्लीत राजपथाचं २०२२ मध्ये कर्तव्यपथ झालं. पाट्या बदलायला माझा विरोध नाही, पण पाटीने काम भागत नाही हे बंगाली आयोगालाही सांगावंसं वाटतं. उद्या मराठीत नागरिकसत्ताक म्हणायचं ठरलं, तरी सरकारने बाप होणं सोडलं नाही तर शब्द पुन्हा जुन्या वळणावर जाईल. आणि बापाची जागा हल्ली भावाने घेतली आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला दीड हजार रुपये. त्या पैशाने अनेक घरांत गॅसचं सिलिंडर आलं, औषधं आली. योजनेला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा पाणी भरायच्या रांगेत उभं राहून बोलावं. माझा आक्षेप फक्त नात्याला आहे. सभांमधून त्या पैशाला ओवाळणी म्हटलं गेलं. ओवाळणी भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हा पैसा सार्वजनिक तिजोरीतला होता, त्यात त्या बाईने रोजच्या कितीतरी वस्तूंवर भरलेला कर होता. कुठल्याही पक्षाच्या सरकारने तिला तिच्याच पैशाची ओवाळणी घातली तर ती बहीण होते, लाभार्थी होते, प्रजाही होते. मालकीण तेवढी होत नाही.

पुस्तिकेतले दोन्ही शब्द मी तसेच ठेवले आणि समासात कारण लिहिलं. अर्जाचे नमुने मात्र पुन्हा केले. 'कृपावंत होऊन' काढलं, 'कलमाप्रमाणे मिळावा' घातलं. दुसऱ्या फेरीत बाईंचा नवा शेरा आला. 'पान १९ : आधीच्या प्रतीत गावातील सरकारी विहिरी व तलाव असं होतं, आता सार्वजनिक केलं आहे. मूळ मजकूर बदलला का?'

मूळ मजकूर बदललेला नव्हता. इंग्रजीत पहिल्यापासून 'पब्लिक'च होतं. 'सरकारी' मी लिहिलं होतं.